मधला माणूस

२०२५ च्या मे महिन्यात लंडनमध्ये बानू मुश्ताक आणि त्यांच्या अनुवादक दीपा भास्ती यांना ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहासाठी आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या बातम्यांतून आणि मुलाखतींतून लेखिका, अनुवादक, प्रकाशक यांच्या जोडीला एक चौथे नाव वाचनात येऊ लागले. कनिष्क गुप्ता हे ते नाव. दिल्लीच्या ‘रायटर्स साइड’ या लिटररी एजन्सीचे ते चालक. कर्नाटकातल्या हासन या जिल्ह्याच्या गावी वकिली करणाऱ्या एका बाईंनी तीसएक वर्षांत कन्नडमध्ये लिहिलेल्या बारा कथा, कोडगूत राहणाऱ्या दुसऱ्या बाईंनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद, इंग्लंडमधल्या शेफील्डचे ‘अँड अदर स्टोरीज’ हे लहानसे प्रकाशनगृह, आणि या सगळ्यांच्या दरम्यान उभा असलेला दिल्लीचा हा मधला माणूस. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ला डेझी रॉकवेल यांच्या अनुवादाच्या वाटेने हेच पारितोषिक लाभले होते. हिंदी झाली, कन्नड झाली. मराठीचे काय, हा प्रश्न मराठी शिकवणाऱ्याला पडायलाच हवा, आणि तो आम्हांलाही पडला. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सबंध महाराष्ट्राने पाहिले, पण त्यातले वऱ्हाड लग्नाचे होते. आमचे वऱ्हाड अजून नरखेड-अमरावती मार्गावरच्या वरूड स्टेशनातच गाडीची वाट पाहत बसले आहे.

वरुडात आम्ही काही जण, कोणी शिकवणारे, कोणी शिकवून निवृत्त झालेले, एकदोघे बागाईतदार, महिन्यातून एखाद्या संध्याकाळी पुस्तकांविषयी बोलायला जमतो. या मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्षही नाही. त्यामुळे ते अद्याप फुटलेले नाही. बुकरची बातमी आली त्या महिन्यात आमच्यात चर्चा झाली ती बानू मुश्ताकांच्या कथांवर कमी आणि एजंट या शब्दावर अधिक. याचे कारण स्थानिक आहे. वरुडात एजंट म्हणजे विम्याचा, नाहीतर आरटीओच्या दारातला. आणि त्याच्याही आधीचा, आमच्या वाडवडिलांपासूनचा जो मधला माणूस आहे, त्याला दलाल म्हणतात. साहित्यातही हा माणूस शिरणार म्हटल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या काही उगीच नव्हेत.

संत्र्याचा व्यवहार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडे बहार दोन. आंबिया बहाराची फुले हिवाळ्याच्या अखेरीस येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तुटते. मृग बहार पावसाच्या तोंडाशी फुलतो आणि त्याचे फळ पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चात हाती येते. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बाग फिरून बघतो, नजरेने अंदाज बांधतो आणि उक्ता सौदा ठरवतो. इसार म्हणून काही रक्कम हातावर ठेवतो. त्यानंतर गारपीट झाली, गळ झाली, किंवा बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले म्हणून बाजार पडला, की इसाराच्या पुढची रक्कम येईल का, कधी येईल आणि किती कापून येईल, हे सांगता येत नाही. यात आणखी एक गंमत आहे. वरूड-मोर्शीच्या मातीत पिकलेले हे फळ देशभर ‘नागपुरी संत्रा’ म्हणून विकले जाते, आणि २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही नागपूरच्या नावाने. आम्ही याला सरावलो आहोत. विदर्भ साहित्य संघसुद्धा १९२३ साली स्थापन झाला तो अमरावतीत. त्याचा संसार मात्र पुढे नागपूरलाच थाटला गेला.

तेव्हा दलाल या शब्दाची चव इथे कडू आहे. पण त्या संध्याकाळी आमच्यातल्या सर्वांत जुन्या बागाईतदाराने, ज्याने आयुष्यात पन्नास तरी बहार विकले असतील, जे वाक्य उच्चारले त्याने चर्चेची दिशाच बदलली. तो म्हणाला, “दलाल वाईट नसते, बाप्पा, एकच दलाल असला म्हंजे वाईट असते.” बागेत दहा जण आले की भाव बोलला जातो. एकच आला की भाव सांगितला जातो. मराठी ग्रंथव्यवहाराचे याहून नेमके वर्णन आम्ही तरी कोणत्या परिसंवादात ऐकलेले नाही.

कारण वस्तुस्थिती अशी की मराठीत एजंट नाही म्हणून मधला माणूस नाही, असे मुळीच नाही. प्रकाशक हाच सर्व काही आहे. तोच निवडतो, तोच संपादन करतो (करीत असल्यास), तोच छापतो, तोच विकतो आणि किती विकले हेही तोच सांगतो. एजंटाचे काम यातले एकही नव्हे. हस्तलिखित वाचायचे, ते कोणत्या प्रकाशनगृहाच्या प्रकृतीला मानवेल हे ओळखायचे, एकाच वेळी पाचसहा ठिकाणी दाखवायचे, करार वाचायचा, आणि भाषांतराचे, चित्रपटाचे, श्राव्य आवृत्तीचे, देशाबाहेरच्या विक्रीचे हक्क वेगवेगळे मोजून वेगवेगळे द्यायचे. लेखकाला जे मिळेल त्यातला साधारण पंधरा टक्क्यांच्या घरातला वाटा आपण घ्यायचा. लेखकाला काही मिळाले नाही तर त्यालाही काही मिळत नाही. लेखकाच्या आणि त्याच्या हिताची दोरी अशी एकत्र वळलेली असते. आमच्या ज्येष्ठ सरांचे म्हणणे की साहित्य ही काही विकायची बाग नव्हे. ते खरे आहे. परंतु ज्याने लिहिले त्याने छपाईचा खर्चही द्यावा, हा जो प्रघात गावोगावच्या लेखकांच्या वाट्याला आला आहे, त्याला साहित्य म्हणायचे की बाग?

हे आम्ही एका मित्राच्या अनुभवावरून म्हणतो. आमच्यातल्याच एका शेतकऱ्याने, जो मराठीचा एम.ए. आहे आणि ज्याची वऱ्हाडी ऐकत राहावी अशी आहे, काही वर्षांपूर्वी कादंबरी लिहिली. एका प्रकाशकाने ती पसंत केली आणि अर्धी रक्कम आगाऊ मागितली. बाग विकताना इसार घ्यायचा असतो, इथे तो द्यायचा होता. पाचशे प्रती निघाल्या. त्यांतल्या दोनशे त्याच्याच घरी आल्या आणि कुटाराच्या खोलीत राहिल्या. करार म्हणून त्याच्याकडे एक पावती होती. पुढे पुस्तकाला जिल्हा पातळीवरचा एक पुरस्कार मिळाला, शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह अशा तिहेरी स्वरूपात. सत्काराला उत्तर देताना त्याने प्रकाशकाचे आभार मानले, पण परतीच्या एस.टी.त आम्हांला म्हणाला, “पुस्तक माह्यं, पैसे माह्ये, अन् उपकार मात्र त्याइचे!”

पुरस्कार म्हणजे मान्यता, असे आपण धरून चालतो. या समीकरणाकडे वऱ्हाडातून पाहिले की ते जरा सैल वाटते. आमच्या भागाला पुरस्कारांचा दुष्काळ नाही. वाशीम जिल्ह्यातल्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ साली साहित्य अकादमी मिळाली, बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ साली, अमरावतीचा तरुण कवी पवन नालट याच्या ‘मी संदर्भ पोखरतोय’ला २०२२ चा अकादमीचा युवा पुरस्कार लाभला. कांबळ्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सारे आनंदाचे आहे, आणि आम्ही त्या त्या वेळी वर्गात पेढे वाटलेले आहेत. पण पेढे संपल्यावर काय होते? अकादमीचा पुरस्कार एक लाखाचा, युवा पुरस्कार पन्नास हजारांचा; एखादी आवृत्ती निघते, पुस्तक अभ्यासक्रमात लागते, विद्यार्थी गाइड विकत घेतात. त्यापुढे त्या पुस्तकाला हाताला धरून दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या देशाच्या दाराशी नेणे हे कोणाचेच काम नसते. अकादमी स्वतः पुरस्कृत पुस्तकांचे इतर भारतीय भाषांत अनुवाद करवते, हे मान्य. परंतु सरकारी गाडी तिच्या वेळेने येते. नागपूरच्या नंदा खरे यांनी तर २०२० चा ‘उद्या’ला जाहीर झालेला पुरस्कार नम्रपणे नाकारला आणि एकट्यानेच हा प्रश्न निकालात काढला. त्यांचे ते धाडस सगळ्यांना परवडणारे नव्हे.

या संदर्भात आम्हांला वारंवार आठवते ती उद्धव शेळके यांची ‘धग’. १९६० ची ही कादंबरी. शिंप्याचे घर, कामाला अंग न देणारा आणि पुढे महारोगाने ग्रासलेला नवरा महादेव, आणि पोराला शिकवण्यासाठी स्वतःला जाळत नेणारी कौतिक. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसे बोलतात ती वऱ्हाडीत. ही दुहेरी वीण शेळक्यांनी ज्या सहजतेने घातली तिच्याविषयी आपण परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न विचारतो. पण ज्या लेखकाने वयाच्या तिशीच्या आत हे लिहिले, त्याला पुढे लेखणीवरच घर चालवायचे होते, आणि त्यासाठी त्याने खपाऊ कादंबऱ्यांची रांग लावली, ही गोष्ट आपण तळटीपेत टाकतो. तळटीपेतच खरे तर मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास आहे. ‘धग’च्या हक्कांकडे, तिच्या अनुवादाकडे, तिच्या चित्रपटाकडे कोणी धंद्याच्या नजरेने लक्ष दिले असते तर शेळक्यांनी दुसरी ‘धग’ लिहिली असती, असे आम्ही म्हणणार नाही. साहित्यात असा हिशोब चालत नाही. मात्र ती न लिहिण्यासाठी त्यांच्यापाशी एक कारण कमी उरले असते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

‘धग’ इंग्रजीत आली, ‘कौतिक ऑन एम्बर्स’ या नावाने. शांता गोखले यांनी ती आणली, स्पीकिंग टायगर या दिल्लीच्या प्रकाशनाने काढली. दरम्यान सुमारे सहा दशके गेली होती आणि शेळके १९९२ मध्येच निवर्तले होते. मराठीचे नशीब असे की शांता गोखले, जेरी पिंटो यांच्यासारखे अनुवादक पदरमोड करावी तशी आपली वर्षे खर्चून एजंटाचेही काम करतात. पुस्तक तेच शोधतात, प्रकाशकालाही तेच पटवतात. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ चे. ते जेरी पिंटोंच्या हातून इंग्रजीत आले २०१५ साली. अपवाद आहेत आणि ते आशा वाढवणारे आहेत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘सनातन’ला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला आणि परोमिता सेनगुप्ता यांच्या अनुवादामुळे ती कादंबरी २०२४ साली जेसीबी पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचली. अवघ्या काही वर्षांचे अंतर! वाट आहे, फक्त तिच्यावर वाटाड्या नाही.

वऱ्हाडला वाटाड्यांची परंपरा नाही, असेही म्हणवत नाही. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ कोणत्या दुकानातून पसरली? ती खंजिरीवर आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेतून गावोगाव गेली. अमरावतीच्या सुरेश भटांना हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा, आशाबाईंचा गळा मिळाला, म्हणून ज्याने कवितेचे पुस्तक कधी हाती धरले नाही त्यालाही भट पाठ आहेत. आणि वरुडाला लागूनच असलेल्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर! तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते स्वतःच्या प्रतिभेच्या जोरावर नव्हे. ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे ते गावोगाव गेले, एकेक आठवण विचारून घेतली, आणि कोणाकडून काय ऐकले याचे भान राखले. मराठीतला पहिला गद्यग्रंथ असा एका मधल्या माणसाच्या पायपिटीतून जन्मला. त्यानंतर मात्र तो ग्रंथ पंथाच्या सांकेतिक लिपीत बंद झाला आणि विसाव्या शतकात वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी त्या लिपीची किल्ली शोधीपर्यंत, पुढे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी संपादित करून तो छापवीपर्यंत, बाहेरच्या मराठी वाचकाच्या लेखी जवळजवळ नव्हताच. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्यात ‘लीळाचरित्रा’च्या साक्षीचे मोल मोठे. सातशे वर्षांपूर्वीचे लेखन इथवर पोचायला किती हात लागले, हे मोजण्याचा मोह होतो.

आता आमच्या सरांची खरी शंका. ती पैशाची नाही, हे आम्हांला उशिरा कळले. त्यांचे म्हणणे असे: एजंट बाजार ओळखतो, आणि इंग्रजीच्या बाजाराला वऱ्हाडातून एकच माल हवा आहे, तो म्हणजे मेलेला शेतकरी. गळफास असलेली कादंबरी जाईल. जिच्यात माणसे पोळ्याला हसतात, पानठेल्यावर राजकारण करतात, लग्नात रुसतात, ती परत येईल. मग लिहिणारा हळूहळू गळफासच लिहू लागेल. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. फळाला मेणाचा लेप देऊन चकाकी आणणारी केंद्रे आमच्या गावात आहेत. लेप दिलेले फळ दूरवर टिकते, पण त्याचा वास जातो. तरीही ‘हार्ट लॅम्प’चे उदाहरण सरांच्या विरुद्ध जाते. दीपा भास्तींनी त्या कथांतले कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरक्या टायपात टाकलेले नाहीत, तळाशी टीपा दिलेल्या नाहीत; आपण लहेजासकट अनुवाद करतो असे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे मधली माणसे जाणती असली तर वासासकट फळ पाठवता येते. प्रश्न लेपाचा नाही, लेप कोण देतो याचा आहे.

हा वाद आमच्यात हवेतला राहिलेला नाही. ज्या मित्राविषयी वर सांगितले त्याची दुसरी कादंबरी लिहून झाली आहे. बोअर हजार फुटांवर गेला तरी पाणी न लागल्याने आजोबाने लावलेली संत्र्याची बाग नातवाला जेसीबीने उपटावी लागते, त्याची ही कथा. पण तिच्यात गळफास नाही, आणि अर्ध्याहून अधिक पानांत हसू येते. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, जी दिल्लीत नोकरी करते, त्या कादंबरीविषयी तिथल्या एका एजंटाला सांगितले. त्यांचे चार ओळींचे उत्तर आले. दोन पानांचा सारांश हवा, लेखकाचा परिचय हवा, आणि तीस पानांचा इंग्रजी अनुवाद नमुन्यादाखल हवा. पैसे मागितले नाहीत, हे मित्राने दोनदा वाचून खात्री करून घेतले.

अनुवादकाला देण्याइतके पैसे आमच्यापाशी नाहीत, म्हणून इंग्रजीच्या एका प्राध्यापक बाई आणि आमच्यातले दोघे असे तिघे मिळून ती तीस पाने करीत आहोत. सरही येतात, विरोध कायम ठेवून येतात आणि चुका काढतात. सारांशाचे दोन मसुदे त्यांनी नापास केले, कारण दोन्हींत ‘दुष्काळ’ हा शब्द पहिल्या ओळीत होता. पहिल्या पानावर ‘पऱ्हाटी’ आली. कापसाचे झाड म्हटले तर अर्थ पोचतो, पण शेत दिसत नाही. शब्द तसाच ठेवला. दुसऱ्या पानावर आजोबा झाडाला ‘बाप्पा’ म्हणतो. माणसाला, देवाला आणि झाडाला एकाच शब्दाने हाक मारणारी ही बोली इंग्रजीत कशी उभी करावी, यावर दोन संध्याकाळी गेल्या, आणि अखेर तोही शब्द तसाच राहिला. तिसऱ्या पानावर व्यापारी येऊन इसार देतो. बाईंनी त्यासाठी इंग्रजीतला ॲडव्हान्स हा शब्द सुचवला, तेव्हा मित्र म्हणाला, “ॲडव्हान्स परत मांगता येते, मॅडम. इसार देल्ला म्हंजे झाड त्याचं झालं.” बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. आम्ही अजून तिसऱ्याच पानावर आहोत, आणि नमुना पाठवायला महिना उरला आहे.